‘वरूनच वाढून आलं’ म्हणजे कुठून?
ढेप, मका आणि दुधाचा हिशोब

मंडळी, सकाळची दूध घालायची वेळ डोळ्यांसमोर आणा. डेअरीवर रांग लागली आहे. यंत्रात फॅट लागते, पावती मिळते, पावतीवर भाव असतो. हा भाव आपण ठरवलेला नसतो. तिथून उठून आपण ढेपेच्या दुकानी जातो.

“काय भाव?”

“छत्तीस, बापू.”

“अरे, मागच्या आठवड्याला चौतीस होता!”

“मी काय करू? वरूनच वाढून आलं.”

हाही भाव आपण ठरवलेला नाही. म्हणजे विकताना दुसऱ्याचा भाव आणि घेतानाही दुसऱ्याचाच भाव. दुधाच्या धंद्यातल्या माणसाची ही खरी अडचण आहे. आता हे ‘वरून’ म्हणजे नेमकं कुठून, याची आज चौकशी करू. भाव आपल्या हातात नसला, तरी तो का हलतो हे कळलं, तर कधी घ्यावं, काय घ्यावं आणि किती घ्यावं, एवढं तरी आपल्या हाती येतं.

आपला मुलूख आणि आपले बाजार

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी म्हणजे आपलं धडगाव, असे सहा तालुके. उत्तरेला सातपुडा आणि त्यापलीकडे नर्मदा, मध्ये तापी. तापीकाठी काळी जमीन, कापूस, ऊस, केळी, पपई. वर डोंगरात पाऊस भरपूर, पण जमीन उताराची आणि हलकी.

जिल्ह्याच्या एका अंगाला गुजरात, दुसऱ्या अंगाला मध्य प्रदेश. नवापूरचं रेल्वे स्थानक तर अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. शहाद्याहून थोडं पुढं गेलं की खेतिया लागतं, ते मध्य प्रदेशात. त्यामुळे आपल्याकडच्या मक्याला आणि कापसाला तीन राज्यांतले गिऱ्हाईक असतात. विकणाऱ्याला ही चांगली गोष्ट. पण ज्याला जनावरासाठी विकत घ्यायचं आहे, त्याला या तिन्ही राज्यांच्या मागणीशी टक्कर द्यावी लागते.

दूध काढायला जो खर्च येतो, त्यातले रुपयाला साठ ते सत्तर पैसे जनावराच्या खाण्यावर जातात. म्हणून दाणवैरणीच्या भावाला दुधाच्या धंद्याचा पाया म्हणायला हरकत नाही.

ढेपेचा भाव कापसाच्या बोंडात

आपल्या खानदेशात जनावराचं पहिलं खाद्य म्हणजे सरकीची ढेप. ती कुठून येते? शंभर किलो कापूस जिनात गेला, की सुमारे ३४ किलो रुई आणि ६४ किलोंच्या आसपास सरकी निघते. ही सरकी घाण्यात गेली, की शंभर किलोला दहा-बारा किलो तेल आणि बाकीची बहुतेक ढेप. म्हणजे एक क्विंटल कापसाच्या पाठीमागे पन्नास किलोंच्या आसपास ढेप.

यावरून पुढचा हिशोब सोपा आहे. कापूस कमी पिकला की ढेप कमी. बोंडअळी पडली, ऐन वेचणीत पाऊस झाला, किंवा शेतकऱ्यानं कापूस सोडून मका-सोयाबीन धरलं, तर त्याचा चटका वर्षभर गोठ्याला बसतो. दसरा-दिवाळीपासून वेचणी सुरू होते, जिन चालू होतात, नवी ढेप बाजारात येते. माघ-फाल्गुनापर्यंत ती मुबलक असते. पुढे जिन बंद पडतात, साठा व्यापाऱ्याकडे जातो आणि आषाढ-श्रावणात भाव बहुधा चढलेला असतो. दरवर्षी अगदी असंच घडेल अशी खात्री नाही, पण सर्वसाधारण चाल ही आहे.

तिसरं कारण तेलाचं. घाणेवाल्याला सरकीतून दोन वस्तू मिळतात, तेल आणि ढेप. दोन्हींचे पैसे मिळून त्याचा खर्च निघायचा असतो. तेलाला भाव मंद असला, की तो ढेपेतून जास्त काढायला बघतो. आणि तेलाचा भाव परदेशातून येणाऱ्या खाद्यतेलावर, त्यावरच्या जकातीवर ठरतो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं आयात खाद्यतेलावरची जकात वाढवली, अशी बातमी आपण ऐकली असेल. ती बातमी फक्त स्वयंपाकघराची नव्हे, ती गोठ्याचीही असते. शिवाय सरकी ढेपेचे वायदे अकोला केंद्र धरून होत आले आहेत. त्यामुळे पीक शेतात उभं असतानाच पुढच्या महिन्यांच्या भावाचा अंदाज बांधला जातो आणि तो दुकानापर्यंत पोहोचतो. दुकानदाराचं ‘वरून’ ते हे.

मका कोण खातं?

मका आपल्याकडे खरीप आणि रब्बी दोन्हींत होतो. पण मक्याला खाणारी तोंडं आता फार झाली आहेत. गाय-म्हैस हे त्यातलं एक तोंड, आणि तेही सगळ्यांत मोठं नव्हे.

पहिलं तोंड कोंबडीचं. नवापूर तालुक्यात मोठमोठे कुक्कुटपालनाचे फार्म आहेत. कोंबडीच्या खाद्यात निम्म्याहून जास्त भाग मक्याचा असतो. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापुरातच आढळला, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. २०२१ च्या फेब्रुवारीतही तिथं तोच रोग पुन्हा आला. त्याआधी २०२० च्या सुरुवातीला कोंबडी खाल्ल्यानं कोरोना होतो अशी खोटी अफवा पसरली, चिकनचा खप बसला आणि त्यापाठोपाठ मक्याचा भावही पडला. कोंबडीचं दुखणं हे मका पिकवणाऱ्याचं दुखणं कसं होतं, ते यावरून कळतं. मका विकत घेणाऱ्या गवळ्याला मात्र त्याच वेळी मका स्वस्त मिळतो. एकाच गावात एकाला तोटा आणि दुसऱ्याला सवड, असा हा बाजार आहे.

दुसरं तोंड स्टार्चच्या कारखान्यांचं. शेजारी दोंडाईच्याला असा कारखाना आहे, तिथं मक्यापासून स्टार्च बनतो.

तिसरं तोंड नवं आहे आणि ते फार मोठं आहे. ते म्हणजे इथेनॉल. पेट्रोलमध्ये मिसळायचं हे मद्यार्क पूर्वी मुख्यतः उसाच्या मळीपासून आणि रसापासून होई. डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी झाल्यामुळे उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्रानं बंधनं घातली, आणि डिस्टिलऱ्या मक्याकडे वळल्या. एक क्विंटल मक्यापासून सुमारे ३८ लिटर इथेनॉल निघतं. पाहता पाहता मक्याची मागणी इतकी वाढली, की जो देश मका बाहेर पाठवत होता, त्यानं २०२४ मध्ये म्यानमार आणि युक्रेन अशा देशांतून मका आणला. २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट गाठलं गेलं. म्हणजे आज मोटारसायकलची टाकी आणि म्हशीची घमेली, दोन्ही एकाच पोत्यावर डोळा ठेवून आहेत.

मक्याची किमान आधारभूत किंमत २०२४-२५ ला क्विंटलला २,२२५ रुपये होती, २०२५-२६ साठी ती २,४०० रुपये ठरली. मात्र हा आकडा म्हणजे बाजारभाव नव्हे. सुगीत ओला मका एकदम आला, की भाव त्याच्या खालीही जातो.

या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मक्यापासून इथेनॉल काढल्यावर चोथा उरतो. वाळवलेल्या त्या चोथ्याला बाजारात डीडीजीएस म्हणतात. त्यात प्रथिनं चांगली, पंचवीस ते तीस टक्के असतात. खाद्य कारखाने तो वापरू लागले, आणि त्यामुळे सोयाबीनच्या पेंडीच्या भावावर दाब आला. स्वस्त मिळाला तर हा चोथा वापरायला हरकत नाही, पण मूळ मक्याला बुरशी असेल तर तिचं विष चोथ्यात दाट होऊन येतं. म्हणून वास घ्यावा, रंग बघावा, आणि तपासणीचा दाखला असलेलाच माल घ्यावा.

दादर गेली, कडबा गेला

आपल्या तापीखोऱ्यात रब्बीची दादर ज्वारी प्रसिद्ध. तिची भाकरी गोड आणि तिचा कडबाही गोड. घरात दाणा आणि गोठ्यात वैरण, असं एकाच पिकातून दोन्ही साधत असे. मग कापूस, मका, पपई, केळी आली. ती पैसे देतात, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण ज्वारीचं क्षेत्र आटलं तसा कडबा आटला. कडब्याच्या जागी मक्याचा चारा आला. तो जाड, जनावर निम्मा टाकून देतं. उसाचे वाढे कारखान्याच्या हंगामात मिळतात; त्यानं पोट भरतं, पण त्यात प्रथिनं कमी.

वैरण निकस झाली, की तिची उणीव ढेपेनं भरून काढावी लागते. म्हणजे ढेपेचं बिल वाढण्याचं निम्मं कारण दुकानात नसून आपल्याच बांधावर असतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

सातपुड्यातल्या पाड्यांवरची गोष्ट वेगळी. तिथं ढेप फारशी विकत घेतली जात नाही. चरण्यावर जनावर जगतं. पण दिवाळीनंतर पुष्कळ कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. मागे म्हातारी माणसं आणि जनावरं राहतात. उन्हाळ्यात गवत संपलं, की जनावर कवडीमोलानं विकलं जातं आणि पाऊस पडल्यावर दीडपट किमतीनं परत घ्यावं लागतं. तिथं मार्गशीर्षात कापून साठवलेलं गवत हीच ढेप समजावी.

दुधाचा भाव कुठून हलतो?

थंडीत चारा भरपूर, व्यालेली जनावरं जास्त, म्हणून दूध वाढतं. जास्तीच्या दुधाची भुकटी आणि लोणी होतं. भुकटीला देशात-परदेशात भाव नसला, की गाईच्या दुधाचा खरेदीभाव पहिल्यांदा घसरतो. जुलै २०२३ मध्ये राज्य सरकारनं ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या गाईच्या दुधाला लिटरला ३४ रुपये भाव ठरवून दिला. पण हिवाळ्यात भाव त्याच्या खाली गेला. मग जानेवारी २०२४ मध्ये लिटरला ५ रुपये अनुदान आलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून ते ७ रुपये झालं. त्यासाठी जनावराच्या कानात बिल्ला, ऑनलाइन नोंद आणि बँकेचं खातं या अटी होत्या. ज्यांच्या जनावरांची नोंद नव्हती, त्यांच्या हाती ते पैसे पडले नाहीत. अशी योजना पुढे कधी येईल ते सांगता येत नाही. बिल्ला आणि नोंद मात्र आजच करून ठेवता येते.

एका म्हशीचा हिशोब

आता पाटी घ्या. खालचे भाव हिशोबासाठी धरलेले आहेत, आपल्या गावचे भाव त्यांच्या जागी घालावेत.

समजा, एक म्हैस दिवसाला ६ लिटर दूध देते. लिटरला ५० रुपये धरले, तर ३०० रुपये झाले. म्हशीला शरीर सांभाळायला १ किलो दाण आणि दर दोन लिटर दुधामागे १ किलो, म्हणजे ३ किलो. एकूण ४ किलो. दाण ३४ रुपये किलो, म्हणजे १३६ रुपये. ओली-सुकी वैरण ८० रुपयांची. उरले ८४ रुपये. यातूनच औषध, मजुरी, आणि म्हैस आटल्यावरच्या महिन्यांचं खाणं भागवायचं.

आता दाण ६ रुपयांनी वाढून ४० झाला. खर्च २४ रुपयांनी वाढला, उरले ६० रुपये. दाण्याचा भाव शेकडा अठराच्या आसपास वाढला, पण शिल्लक शेकडा साडेअठ्ठावीसच्या आसपास घटली. भाववाढ इतकी का झोंबते, त्याचं उत्तर या वजाबाकीत आहे.

अशा वेळी माणूस काय करतो? दाण निम्मा करतो. २ किलो कमी केला, ८० रुपये वाचले. पहिल्या आठवड्यात दूध थोडंच कमी होतं, कारण म्हैस अंगावरचं मांस-चरबी मोडून दूध देते. माणसाला वाटतं, बरं झालं, उगाच जास्त खाऊ घालत होतो. पण पुढे दूध उतरतं, म्हैस वाळते, माजावर येत नाही, आणि वेताचं अंतर चार-सहा महिन्यांनी लांबतं. त्या महिन्यांत दूध शून्य आणि वैरण चालूच. वाचवलेले ८० रुपये असे दामदुपटीनं परत जातात.

उलट, दोन लिटर देणाऱ्या गावरान गाईला चार किलो दाण घालणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तिला चांगली ओली वैरण पुरे. सात ते दहा किलो लसूणघास जवळजवळ एक किलो दाण्याचं काम करतो. म्हणून दूध मोजून दाण घालावा, सगळ्यांना सारखा नको.

पोतं नव्हे, प्रथिनं विकत घ्या

दुकानात भाव विचारताना पहिली गोष्ट, पोत्याचा भाव विचारू नका, किलोचा काढा. ५० किलोचं पोतं १,७५० ला आणि ६० किलोचं २,०४० ला असेल, तर दुसरं महाग दिसतं. पण पहिलं पडलं ३५ रुपये किलो आणि दुसरं ३४.

दुसरी गोष्ट, त्या किलोत आहे काय ते बघा. सरकीच्या ढेपेत प्रथिनं सुमारे २२ टक्के. ढेप ३६ रुपये किलो धरली, तर एक किलो प्रथिनं १६४ रुपयांना पडली. शेंगदाण्याच्या पेंडीत प्रथिनं ४२ टक्के धरा. ती ५० रुपये किलो असली, तर प्रथिनं ११९ रुपयांनाच पडतात. महाग दिसणारी पेंड इथं स्वस्त ठरली. मक्यात प्रथिनं ९ टक्केच, म्हणून प्रथिनांसाठी मका घेणं महाग. पण अंगात ताकद आणणारी ऊर्जा मक्यात सर्वांत जास्त, तिच्यासाठी मका स्वस्त. दोन्ही लागतात, एकावर भागत नाही.

घरी मिश्रण करायचं असेल, तर शंभर किलोला हे प्रमाण धरावं: सरकी ढेप ३०, मक्याचा भरडा ३०, गव्हाचा कोंडा १५, सोयाबीन पेंड १२, तुरीची चुनी १०, खनिज मिश्रण २ आणि मीठ १ किलो. यात प्रथिनं १८ टक्क्यांच्या आसपास बसतात. हा खर्च आणि तयार पशुखाद्याचा भाव शेजारी शेजारी मांडावा. जे स्वस्त ते घ्यावं. घरचा मका सुगीत पडत्या भावानं विकून महिन्याभरात त्याच मक्याचं खाद्य महागात आणणं, हे मात्र पुष्कळ ठिकाणी चालतं. जनावरापुरता मका नीट वाळवून घरी ठेवावा. ओला मका बुरशी धरतो, आणि बुरशीचं विष दुधातही उतरतं. ढेपही भिंतीपासून दूर, फळ्यांवर रचावी आणि दोन-तीन महिन्यांपेक्षा जास्त साठवू नये. आणखी एक: सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. मोठ्या जनावराला ते सोसतं, लहान वासराला नाही. वासराला सरकी ढेप देऊ नये.

एकट्यानं नाही, मिळून

ऑक्टोबर १९६४ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री गुजरातेतल्या आणंदजवळ कंजरी इथं आले होते. ते कशासाठी? तिथल्या सहकारी दूध संघानं उभारलेल्या पशुखाद्य कारखान्याच्या उद्घाटनासाठी. त्या भेटीतूनच पुढे १९६५ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ निघालं. त्या गावकऱ्यांना कळलं होतं, की दूध एकत्र विकून काम अर्धंच होतं. खाणंही एकत्र घ्यावं लागतं. आपल्या शेजारी सुरतेचा सुमुल संघही १९५१ पासून चालत आला आहे आणि त्याचा स्वतःचा दाणाचा कारखाना आहे.

कारखाना काढणं सगळ्यांना शक्य नाही. पण वीस घरांनी मिळून पौष-माघात ढेपेचा एक ट्रक मागवणं शक्य आहे. दुकानाच्या उधारीत भावाला तोंड उघडता येत नाही, रोखीच्या ट्रकात येतं. तयार खाद्य घेताना पिशवीवरचं लेबल वाचावं. भारतीय मानकाच्या २००९ च्या आवृत्तीत पहिल्या श्रेणीच्या खाद्यात किमान २२ आणि दुसऱ्या श्रेणीत २० टक्के प्रथिनं सांगितली होती. पिशवीवर आकडाच नसेल, तर ती परत ठेवावी.

वैरणीसाठी तीन गोष्टी. कडबा आणि मक्याचा चारा कुट्टी करून घालावा, नासाडी थांबते. कणसात दाणा चिकात असताना मका कापून त्याचा मुरघास करावा. हवाबंद राहिला, तर पंचेचाळीस दिवसांनी उन्हाळ्यासाठी तयार. आणि निकस काडावर, शंभर किलोला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडावा, दाबून, झाकून एकवीस दिवस ठेवावं. युरिया सुटा किंवा पाण्यातून जनावराच्या तोंडी गेला तर ते मरतं, म्हणून ही प्रक्रिया एकदा कोळद्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून, बघूनच करावी.

गुरुजींना आणि बाईंना एक विनंती

शाळेच्या भिंतीवर एक तक्ता लावावा. दर सोमवारी मुलांनी पाच भाव लिहावेत: ढेप, मका, कडबा, गाईचं दूध, म्हशीचं दूध. शेजारी एक आकडा काढावा, एक लिटर दुधात किती किलो ढेप येते? म्हशीचं दूध ५० आणि ढेप ३६ असेल, तर एक किलो चारशे ग्रॅमच्या आसपास. हा आकडा वर गेला तर गोठ्याला बरे दिवस, खाली आला तर सावध. वर्षभर तक्ता भरला, की गणिताचा धडा होईल, आणि ढेप कोणत्या महिन्यात उतरते ते गावाला स्वतःच्या आकड्यांवरून कळेल.

मुलं घरी जाऊन आईला सांगतील, “आई, आत्ता नको, पौषात घेऊ.” आणि दुकानदार म्हणेल, “वरूनच वाढून आलं,” तेव्हा आपल्यालाही विचारता येईल, “कापूस कमी झाला, की मका इथेनॉलला गेला?” एवढं विचारणाऱ्या गिऱ्हाईकाला दुकानदार जरा जपूनच भाव सांगतो.